बोटांनी वाचलेली फाइल

शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, एका औषध दुकानाच्या माडीवर, टायपिंगचा क्लास होता. नव्वदीच्या सुरुवातीला मी तालुक्याचा बातमीदार म्हणून तिथे आलो तेव्हा मला मिळालेली खोली त्या क्लासच्या भिंतीला लागून होती. उजाडल्यापासून पलीकडे यंत्रे सुरू होत. मी बातम्या हाताने लिहून पुण्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे पाकिटातून देत असे. मला टायपिंग येत नव्हते आणि इतकी वर्षे शेजारी राहूनही मी ते शिकलो नाही.

क्लास चालवणारे मागच्याच खोल्यांत राहत. त्यांना सगळे गाव सर म्हणे. ते पूर्वी कोर्टात टंकलेखक होते. त्यांचे मुसलमान घराणे पिढ्यान्‌पिढ्या इथले. शिरूरला जुने लोक घोडनदी म्हणतात. सरही तेच नाव वापरत. त्यांच्या हाताखालून गेलेली मुले तहसील कचेरीत, बाजार समितीत, दौंडच्या रेल्वे कचेऱ्यांत कारकून झाली. शिकवताना त्यांचे दोन नियम होते. बोटांकडे पाहायचे नाही. त्यासाठी ते नव्या मुलाच्या हातांवर टॉवेल टाकत. आणि एकच प्रत कधी काढायची नाही. रोजचा सराव असला तरी मूळ कागदाखाली कार्बन घालायचाच.

दोन हजार सालानंतर मुले कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागली. सरांनी यंत्रे एकेक करून विकली आणि क्लासची पाटी उतरवली. त्याच सुमारास त्यांना काचबिंदू असल्याचे निघाले. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, असे डॉक्टरांनी सांगितले. कडेचे दिसेनासे झाले होते. नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढे दिसत होते, आणि ती नळी अरुंद होत चालली होती.

या काळात त्यांनी एक काम हाती घेतले. त्यांच्या आईची बोली त्यांना लिहून ठेवायची होती. घोडनदीच्या मुसलमान घरांत बोलली जाणारी ही भाषा ऐकणाऱ्याला हिंदी वाटते, पण तिच्यात निम्मी मराठी असते. ‘नक्को’, ‘कायकू’ हे शब्द सगळ्यांना माहीत आहेत. सरांना बाकीचे हवे होते: चुलीजवळचे, आजारपणातले, पोरांना रागावण्याचे. आई जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि तिच्याएवढी जुनी बोली बोलणारे त्यांच्या नात्यात कोणी उरले नव्हते. मुलगी दौंडच्या रेल्वे कॉलनीत दिली होती. तिथल्या दोन्ही नाती कॉलनीची हिंदी बोलत आणि आजीचे बोलणे आईकडून समजून घेत. सरांचे म्हणणे असे की शब्द बोलावून येत नाहीत. जेवताना, कपडे बदलताना एखादा आपोआप येतो, तेव्हा त्याला लगेच पकडावे लागते. पुन्हा तो येईलच असे नाही.

त्यासाठी जावयाने त्यांना लॅपटॉप आणून दिला. तेव्हा शिरूरला दिवसाचे कितीतरी तास वीज नसे. लॅपटॉप बॅटरीवर चालतो हे त्याचे मुख्य कारण. तो पुण्याहून आणलेला, वापरलेला होता. घेण्याआधी गल्लीत चर्चा झाली. खाली औषधे न्यायला येणारे एक शेतकरी आप्पा होते, सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांनी यंत्र दोन्ही हातांत उचलून पाहिले आणि निकाल दिला, “वजन हाय. घ्या. हलकं म्हंजी आत काय न्हाई.” भाभींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, उरलेल्या मखमलीचे अस्तर लावलेले कव्हर शिवले. काम झाले की सर झाकण मिटत आणि यंत्र त्या कव्हरात घालून कपाटात ठेवत. ते आतून चालूच असते, गरम असते, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

जावयाच्या ओळखीच्या एका माणसाने त्यात मराठी अक्षरे घालून दिली. टायपरायटरवर ज्या जागी जे अक्षर असते त्याच जागी ते यंत्रावरही येईल अशी ती सोय होती. त्यामुळे सरांना नव्याने काही शिकावे लागले नाही. बाराखडीतल्या प्रत्येक अक्षराची एक फाइल त्यांनी केली आणि तीनेक वर्षे रोज सकाळी ते लिहीत राहिले. भिंतीपलीकडचा आवाज आता फार हलका होता.

लिहून झाले की ते ‘सेव्ह’ तीन वेळा दाबत. मी एकदा कारण विचारले. ते म्हणाले, “एक मूळ प्रत, दोन कार्बन.” प्रत्येक वेळी दाबल्यावर आत एक नवी प्रत उमटते, असे त्यांनी धरले होते. ते चूक आहे असे त्यांना सांगणारा कोणी भेटला नव्हता. मी स्वतः तेव्हा बातम्या सायबर कॅफेतून पाठवत होतो; यंत्राच्या आत काय होते ते मलाही नीट ठाऊक नव्हते.

एका सकाळी लॅपटॉप सुरू झाला नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ आली आणि आतून टकटक ऐकू येऊ लागली. थोडी थांबे, पुन्हा होई. सरांनी मला हाक मारली. मी गेलो तेव्हा ते यंत्राला कान लावून बसले होते. “हे आतून टाइप करतंय का?” त्यांनी विचारले.

पुढचा आठवडा लॅपटॉपच्या प्रवासात गेला. जावई तो दौंडला घेऊन गेला. स्टेशनसमोरच्या एका दुकानदाराने उघडून पाहिला आणि हार्ड डिस्क गेली असे सांगितले. नवी बसवून यंत्र चालू होईल, जुन्यातले काही राहणार नाही. जावयाने नवी नको, जुन्यातलेच हवे, असे सांगितल्यावर त्याने पुण्यातल्या एका जागेचा पत्ता दिला. तिथे गेलेल्या डिस्कमधून जमेल तेवढे काढून देत. जावई शटल गाडीने पुण्याला गेला आणि डिस्क ठेवून आला. कशाने गेली, याचे प्रत्येकाकडे कारण होते. कोणी विजेचे म्हणाले, कोणी उष्णतेचे. डिस्क उघडणाऱ्या माणसाने जावयाला एवढेच सांगितले, की कव्हरामुळे गेली असेल किंवा नसेलही, डिस्क कधीतरी जातेच, म्हणून प्रत दुसरीकडे ठेवायची असते.

हे ऐकल्यावर सरांना तीनदा ‘सेव्ह’ दाबण्याचा अर्थ कळला. त्या दिवशी त्यांनी जुम्म्याची नमाज चुकवली नाही, पण परत येताना नेहमीसारखे खाली औषध दुकानात थांबले नाहीत. भाभी मला जिन्यात म्हणाल्या, डोळ्यांचं सांगितलं तेव्हासुद्धा ते जेवले होते.

डिस्कमधून जे निघाले ते एका सीडीवर आले. मी कार्यालयाच्या बैठकीसाठी पुण्याला जाणार होतो, म्हणून ती मीच घेतली. देणाऱ्याने आधीच सांगून ठेवले की फाइलींची नावे गेली आहेत, नुसते आकडे आहेत, आणि उघडल्यावर वाचता येण्यासारखे काही दिसत नाही. मी सीडी वृत्तपत्राच्या संगणक विभागात नेली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, प्रश्नचिन्हे यांचा ढीग दिसला. मध्ये मध्ये रिकाम्या चौकटी. फॉन्टचा घोळ असेल म्हणून तिथल्या माणसाने आमच्या वृत्तपत्राचा मराठी फॉन्ट लावून पाहिला. मराठी अक्षरे आली, पण एकही शब्द लागला नाही. आणखी एक फॉन्ट लावला, तोच प्रकार. फाइल करप्ट आहे, असे तो म्हणाला. आमच्या धंद्यात हा शब्द रोज ऐकू येई आणि त्यावर कोणी वाद घालत नसे.

निघण्यापूर्वी सरांनी मला बजावले होते, जे मिळेल ते कागदावर आणा. म्हणून मी काही पाने छापून घेतली.

त्यांच्याकडे गेलो तेव्हा दुपार होती. त्यांनी पाने हातात घेतली, नाकाजवळ धरली आणि खाली ठेवली. त्यांना त्यातली ओळही दिसत नव्हती.

“काय आहे यावर?”

मी सांगितले, काही नाही, इंग्रजी अक्षरे आहेत, अर्थ लागत नाही.

“वाचा तरी.”

मी एका ओळीच्या सुरुवातीपासून वाचू लागलो. बातमीदाराला निरर्थक मजकूर वाचण्याची सवय असते. मी तो सपाट आवाजात वाचला. यू. मोठा डी. छोटा डी. के. एस.

सरांचे हात टेबलावर होते. उजव्या हाताची तर्जनी वर सरकली. मग उजवी करंगळी शिफ्ट दाबावी तशी खाली गेली आणि तेवढ्यात डाव्या हाताचे मधले बोट लाकडावर आपटले. करंगळी उठली, मधले बोट पुन्हा आपटले. मग उजव्याचे मधले, डाव्याची अनामिका. ते थांबले.

“पुन्हा वाचा,” ते म्हणाले.

मी तीच पाच अक्षरे वाचली. बोटे त्याच क्रमाने हलली. या वेळी त्यांनी मोठ्याने उच्चारले, “नक्को.”

पहिल्यांदा मला वाटले, ते मला वाचू नका म्हणत आहेत. मी कागद खाली घेतला. त्यांनी चटकन माझ्या मनगटावर हात ठेवला. “न ची फाइल आहे ही. पुढे वाचा.”

काय घडले होते ते नंतर साधे वाटले. सर जी कळ दाबत तिचे इंग्रजी अक्षर यंत्र साठवून ठेवी आणि वर मराठी अक्षराचे चित्र दाखवी. चित्रे गेली होती. कळा राहिल्या होत्या. आमच्या वृत्तपत्राच्या फॉन्टमध्ये त्या कळांवर वेगळी अक्षरे होती, म्हणून त्यातून काही निघाले नाही. सरांना कोणत्या कळेवर कोणते इंग्रजी अक्षर आहे हे विचारले असते तर सांगता आले असते, पण सावकाश. बोटांना सांगावे लागत नव्हते. संध्याकाळपर्यंत मी वाचत गेलो आणि ते टेबलावर टाइप करत शब्द बोलत गेले. काही ठिकाणी रिकाम्या चौकटी येत. मी ‘चौकट’ म्हणे आणि त्यांची बोटे वरच्या वर थांबत. भाभी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. एका शिवीपाशी त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अम्माने ये मेरेकूच सिखाया था, तुमको नै.” सर म्हणाले, “तुम्हाला शिकवली नव्हती, दिली होती.”

दुसऱ्या दिवशी मी लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये गेलो आणि टायपरायटरच्या जागांचा फॉन्ट आहे का विचारले. होता. सीडीवरच्या फाइली उघडून प्रेसवाल्याने तो लावला आणि पडद्यावर मराठी उभे राहिले. काही ओळी तुटलेल्या होत्या. तो दोष फॉन्टचा नव्हता, त्या खरोखरच गेलेल्या होत्या. मी सगळ्या फाइली पाहून घेतल्या. दोन अक्षरांचे काहीच आले नव्हते. म नव्हता आणि ल नव्हता.

सरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, म मोठा होता.

ते पुन्हा लिहायचे ठरले, पण कशावर हा प्रश्न होता. जावयाचा आग्रह नव्या लॅपटॉपचा होता. आम्ही तिघे दौंडच्या त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने दोन-तीन मॉडेल पुढे ठेवली आणि रॅम, स्पीड, स्क्रीन सांगू लागला. सर ऐकत नव्हते. ते प्रत्येक कीबोर्डवर बोटे ठेवून पाहत होते. लॅपटॉपच्या कळा सपाट आणि उथळ. दाबली गेली की नाही ते बोटाला कळत नव्हते. कोपऱ्यात ठेवलेल्या एका साध्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर त्यांचे हात थांबले. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे होते. त्यांनी ते तर्जनीने दोनदा चाचपले. न पाहणाऱ्याला हात कुठे आहेत हे सांगणारी तेवढीच खूण असते.

“हा बंद पडला तर तुम्ही उघडता की पुण्याला पाठवता?”

“एक वर्ष वॉरंटी हाय, सर. बिनधास्त न्या.”

“वॉरंटी डब्याची. आत लिहिलेल्याची कुणाची?”

“त्याची कुणाचीच न्हाई,” दुकानदार म्हणाला.

सर म्हणाले, मग याच्याकडूनच घेऊ. जावई बाहेर आल्यावर कुरकुरला, की कंपनी न बघता माणूस बघून कॉम्प्युटर घेणारे हे पहिलेच गिऱ्हाईक. त्याच दुकानात एका पतसंस्थेने काढून टाकलेला जुना, सुईने ठोकून छापणारा प्रिंटर पडून होता. तो फार आवाज करी. सरांनी तो मागून घेतला, कारण त्याच्याखाली कार्बन चालत होता. वीज गेली तरी काम थांबू नये म्हणून बॅटरी जोडली. रोजचे पान रोज तीन प्रतींत निघे. एक घरी, एक माझ्या खोलीत, एक दौंडला.

ल तसा लवकर झाला. म ला वेळ लागला. सरांची नजर त्या हिवाळ्यात जवळजवळ संपली. आता काम असे चाले: ते बोलत, लिहीत, आणि मी पान वाचून दाखवी. भाभी मध्ये मध्ये शब्द सुचवत. त्या मूळच्या दौंडच्या. सर म्हणत, “ते तुमच्या दौंडात.” त्या म्हणत, दौंडला काय इंग्रज बोलतात का? बरेच वाद झाल्यावर त्यांनी तडजोड केली. भाभींचा शब्द घ्यायचा आणि पुढे कंसात दौंड लिहायचे. असे कंस वाढत गेले.

एका शब्दाजवळ काम अडले. भाकरी थापून झाल्या की परातीत थोडे पीठ उरते. त्याची इवलीशी भाकरी करून, विझत आलेल्या चुलीच्या उरल्या धगीवर भाजून, सर्वांत लहान पोराला देतात. तिला आई काय म्हणायची ते सरांना आठवत नव्हते. त्यांनी तो शब्द लिहिला होता, याची त्यांना खात्री होती. मिळालेल्या फाइलींत तो नव्हता. ल पुन्हा तपासला, त्यातही बसणारा काही सुचला नाही. म्हणजे तो म मध्ये होता आणि म बरोबर गेला होता.

आप्पांनी खालून सांगितले, “चानकी. आमची म्हातारी चानकीच म्हणायची.”

भाभी म्हणाल्या, “हमारी अम्मी भी चानकीच बोलती थी.”

“ते मराठी,” सर म्हणाले. “तुमच्याकडचं असेल. अम्मा वेगळं म्हणायची.”

त्यांनी जुन्या नातेवाइकांना विचारले, मशिदीत म्हाताऱ्या माणसांना विचारले. जो येई तो एक शब्द घेऊन येई. सर ऐकत, तो शब्द एकदा स्वतःशी म्हणून पाहत आणि नाही म्हणत. एका सकाळी मी गेलो तेव्हा ते बंद कॉम्प्युटरसमोर कीबोर्डवर हात ठेवून बसले होते. त्या भाकरीचा विचार करायचा आणि बोटे कुठे जातात ते पाहायचे, असा त्यांचा प्रयत्न चालला होता. बोटे उंचवट्यांवरून हलली नाहीत. मी दारातूनच परत आलो.

पुस्तिका शेवटी त्याच पत्रिकावाल्या प्रेसमध्ये छापायला दिली. मोजक्याच प्रती, घरातल्यांसाठी. प्रुफे मी तपासली. ते काम मला येत होते. म च्या शेवटच्या पानावर मी थांबलो. सरांनी तिथे अर्थ लिहून शब्दाची जागा रिकामी ठेवली होती. प्रेसवाल्याला ती चूक वाटली असावी. त्याने आपल्या मनाने तिथे ‘चानकी’ बसवले होते.

मी ते वाचून दाखवले. सर म्हणाले, “काढा.”

भाभी आतून म्हणाल्या, “रहने दो ना. खाली जगा अच्छी नै दिखती.”

“नको,” ते म्हणाले. “तो शब्द चांगला आहे. तिचा नाही.” मग त्यांनी विचारले, “मोकळी जागा किती ठेवतात?”

मी म्हणालो, शब्द केवढा आहे त्यावर.

त्यांनी मान जराशी कलती केली. दूरवर कोणी बोलत असेल तर ऐकण्यासाठी करतात तशी.

“तीन अक्षरं असावीत,” ते म्हणाले.

मी ‘चानकी’वर लाल रेघ मारली आणि समासात लिहिले: शब्द काढावा. तीन अक्षरांची जागा मोकळी सोडावी.